उठवायचा शॉट

नवरी मामाच्या गळ्यात पडून रडली होती आणि ती वडलांच्या गळ्यात पडून रडल्यासारखी दिसावी, अशी वधूपित्याची इच्छा होती. संयोगिता सकाळपासून त्याच खटपटीत होती. लग्नाच्या व्हिडिओतल्या असल्या उलथापालथी तिला झोपेतही जमल्या असत्या. शिवाजी पेठेत सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर, मागं स्वयंपाकघर, आणि राहणारी माणसं तीन: ती, आई आणि धाकटा भाऊ आदर्श. खाली गल्लीत कालच्या फुटबॉल मॅचवरून भांडण पेटलं होतं आणि रेफरीच्या घराण्याचा उद्धार चालला होता. त्या सगळ्या गलक्यावर कडी करत तिचा फोन किणकिणत होता, कारण शनिवारी त्यांनी बनवलेला गेम बाजारात आला होता.

गेमचं नाव 'तिसरी पाळी'. कार्टूनसारख्या चित्रांचा नव्हे, खरी माणसं घेऊन शूट केलेला. पडद्यावर सिनेमासारखी गोष्ट चालते, मधेच थांबते आणि खेळणाऱ्याला विचारते: डावीकडचं दार उघडायचं, की भट्टीमागं लपायचं? तुम्ही निवडाल तसं पुढं घडतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, रात्रपाळीला काळ अडकून बसतो आणि विक्रांत नावाच्या कामगाराला सकाळ व्हायच्या आत बाहेर पडायचं असतं, अशी ती गोष्ट. पर्याय चुकला की विक्रांत मरतो. सात चुका, सात तऱ्हेची मरणं.

विक्रांत म्हणजे आदर्श. तो खरोखरच शिरोलीला एका कारखान्यात मशिनवर होता आणि राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा भालदार झाला होता, एवढीच काय ती त्याची अभिनयाची पुंजी. गोष्ट, दिग्दर्शन आणि कॉम्प्युटरचं सगळं काम जिनेशचं. तो संयोगिताचा कॉलेजपासूनचा दोस्त. त्याच्या चुलत्यांची बंद पडलेली फौंड्री शूटिंगला मिळाली म्हणून तर हा उद्योग सुचला. एडिटिंग संयोगिताचं. एकेक फ्रेम तिच्या हाताखालून गेली होती.

खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया धडाधड येत होत्या. 'नादखुळा काम.' 'कोल्हापूरकरांचा नाद करायचा नाही.' एकानं लिहिलं होतं, 'हिरोला बोलता येत नाही, पण मढ्याचं काम एक नंबर करतो.' ती प्रतिक्रिया आदर्शनं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली आणि हसता हसता त्याला ठसका लागला. आईला मात्र ते आवडलं नाही. तिन्हीसांजेला मढं-बिढं काय बोलायचं, म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मग जरा वेगळ्या प्रतिक्रिया येऊ लागल्या.

'मेल्यावर हिरो काय बोलतो ते नीट ऐकू येत नाही. आवाज वाढवा.'

'शेवटचा डायलॉग पुटपुटल्यासारखा वाटतो. तेवढं सुधारा.'

संयोगिता चिडली. मेल्यावर हिरो बोलेलच कसा? तिनं सातही फाइली उघडल्या, कानाला हेडफोन लावले. विक्रांत पडतो, कॅमेरा त्याच्यावर स्थिरावतो, आणि तो निपचित पडलेला दिसत असतानाच खाली 'परत सुरू करा' हे बटण उगवतं. आवाज म्हणाल तर शेडच्या पत्र्यांचा, वाऱ्याचा. बाकी काही नाही. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून ती पुन्हा नवरीकडं वळली.

त्याच आठवड्यात आदर्श दोनदा पडला. पहिल्यांदा चहाच्या टपरीवर. दुसऱ्यांदा कारखान्यात, चालू मशिनशेजारी. चक्कर नाही, तोंडाला फेस नाही. नुसता खाली बसला, आडवा झाला आणि थोड्या वेळानं उठून कामाला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, काही सापडलं नाही. मालकानं बरं वाटेपर्यंत घरी बसायला सांगितलं. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. "दिष्ट लागल्या पोराला," ती म्हणाली, "सगळ्या गावानं बघितलं न्हवं त्याला."

संयोगिता असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. पण त्याच्या मोटारसायकलची किल्ली तिनं काढून आपल्या कपाटात ठेवली.

काही जण गेम खेळताना स्वतःचाच व्हिडिओ काढतात आणि लोकांना दाखवतात. पडद्याचा मोठा भाग गेमचा, कोपऱ्यात खेळणाऱ्याचा चेहरा. गडहिंग्लजच्या कॉलेजातल्या प्रियदर्शनी नावाच्या एका मुलीनं तसा केला होता. संयोगितानं तो चहा पिता पिता लावला. पोरगी गोड होती, बडबडी होती, चुकीचं दार उघडल्यावर केवढ्यानं तरी किंचाळली. विक्रांत वाळूच्या हौदात पडला. फ्रेम थांबली. आणि कोपऱ्यातली ती मुलगी बडबडता बडबडता गप्प झाली. तिनं मान थोडी तिरकी केली, स्क्रीनकडं कान नेला. काहीतरी ऐकलं. मग जरा हसून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि घाईघाईनं बटण दाबलं.

संयोगितानं दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ लावला. मग तिसऱ्याचा. माणसं वेगळी, घरं वेगळी. कुणाच्या मागं देवघर, कुणाच्या मागं वाळत घातलेले कपडे. विक्रांत मेला की सगळ्यांची मान तशीच तिरकी व्हायची आणि सगळे ऐकायचे. तिच्या हातातला चहा निवून गेला.

तिनं प्रियदर्शनीचा नंबर मिळवला आणि सरळ फोन केला.

"तुम्ही गेमवाल्या ताई? अय्या!" पोरगी हरखली. "लई भारी हाय हो गेम."

"ते मेल्यावर... काय ऐकलंस तू?"

"तो विचारतो की. 'उठू का?' म्हणून."

"कुणाला विचारतो?"

"मला वाटलं, मलाच. म्हणून मी म्हटलं, 'गप पडून राहा.' चेष्टा केली हो, ताई. खरं त्यानं ऐकलं. परत न्हाय विचारलं."

संयोगितानं फोन ठेवला. तिला हसू येईना आणि रागही येईना. कारण 'उठू का' हे वाक्य तिला कळलं होतं.

शूटिंगच्या युनिटमधून चहा वाटत का होईना वाढलेल्या माणसांची एक रीत असते. मरणाचा शॉट झाला की कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. नटाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची, 'अमक्या, ऊठ' म्हणायचं. त्यानं उठायचं, कॅमेऱ्यात बघून हसायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, मग बंद. तो शॉट कुठं वापरत नाहीत. पण घेतल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. जिनेश आणि संयोगिता दोघांनीही आपल्या उमेदवारीच्या दिवसांत हे पाहिलेलं होतं, केलेलंही होतं.

पण इथं मरणंच सात. पहिलं मरण शूट केलं त्या दिवशी ऊन उतरत चाललं होतं, आणि जिनेश म्हणाला होता, "सात येळा उठवायचं आन सात येळा गूळ? आद्याला शुगर हुईल मर्दा. शेवटच्या दिवशी एकदाच उठवू. घाऊक!" सगळे खो खो हसले होते. आदर्श तर पडल्या जागेवरूनच हसला होता. आणि शेवटच्या दिवशी, वाळूच्या ढिगाऱ्याशी सातवं मरण झाल्यावर, संयोगितानं हाक मारली, आदर्श उठला, हसला, गूळ खाल्ला. एकदाच. मरणं सात आणि उठणं एक, हा हिशेब तेव्हा कुणाला खटकला नाही.

आताही तिनं तो मनातून झटकायचा प्रयत्न केला. चार बुकं शिकलेल्या बाईनं असलं काही मनात आणावं, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सम्राट नावाच्या एका पोराचा थेट चालू असलेला खेळ बघत होती. सांगलीकडचा पोरगा, तोंडाळ, बघणारे बरेच जमले होते. आई बाजारात गेली होती. आदर्श तिच्या मागं खिडकीशी खुर्चीवर बसून भाजक्या शेंगा सोलत होता आणि फोलपटं खिडकीतून खाली टाकू नकोस म्हणून तिनं त्याला दोनदा बजावलं होतं.

सम्राटनं क्रेनचा पर्याय निवडला. चुकीचा. क्रेनचा आकडा सुटला, विक्रांत कोसळला. डाव्या कुशीवर, एक हात पोटाखाली, दुसऱ्याचा तळवा उघडा, उजवा गुडघा जरा वर.

तिच्या मागं शेंगा फरशीवर सांडल्या.

ती वळली. आदर्श खाली पडला होता. डाव्या कुशीवर. एक हात पोटाखाली, दुसऱ्याचा तळवा उघडा. उजवा गुडघा जरा वर. ती पडण्याची ढब तिनं इतक्या वेळा पाहिली होती की नजर चुकायला जागाच नव्हती.

"आदर्श! आद्या, ए!"

पडद्यावर सम्राटनं मान तिरकी केली. ऐकलं. मग दात काढून म्हणाला, "थांब भावा, चहा घेऊन आलो," आणि उठून गेला. कोपऱ्यात रिकामी खुर्ची राहिली. बाकी पडद्यावर विक्रांत, आणि खाली ते बटण.

संयोगितानं भावाच्या नाकाशी तळहात धरला. काही लागेना. छातीला कान लावला. खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं, ती ऐकू आली. आतलं काहीच ऐकू आलं नाही.

तशीच खुर्चीपर्यंत सरपटत जाऊन तिनं सम्राटच्या खेळाखाली लिहिलं, 'बटण दाब. परत सुरू कर. लगेच दाब.' खाली हसरे चेहरे उमटले. 'ताई घाबरल्या,' कुणीतरी लिहिलं. तिनं पुन्हा लिहिलं. एका हातानं रुग्णवाहिकेला फोन लावला, दुसरा आदर्शच्या गालावर होता आणि गाल गार पडत चालला होता. तिकडून पत्ता विचारत होते आणि तिला स्वतःच्या गल्लीचं नाव आठवेना.

सम्राट आला. बसला. कपावर फुंकर मारली. एक घोट घेतला. मग दाबलं.

आदर्शनं श्वास ओढला. बुडालेला माणूस वर आल्यावर ओढतो तसा. मग उठून बसला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "आक्का, शेंगा कुणी सांडल्या?"

तिनं त्याला कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडली. तिला एकच भाऊ होता.

जिनेशनं त्याच रात्री गेम इंटरनेटवरून काढून टाकला. तिनं सांगितलेलं त्याला पटलं नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून त्यानं वाद घातला नाही. सकाळी तो घरी आला, आदर्शचा चेहरा बघितला आणि खाली मान घालून बसला.

"उतरवलाय. खरं ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडं हायच की. पोरांनी पेन ड्राइव्हवरनं वाटला असंल. पडदा पाडला आन संपलं, असं थेटर न्हवं हे."

"मग किती जण खेळत असतील आत्ता?"

"कसं सांगू?"

आदर्श भिंतीला टेकून बसला होता. घरातल्या टणक वस्तू संयोगितानं सगळ्या कडेला सारल्या होत्या आणि फरशीवर गाद्या अंथरल्या होत्या. पहाटेपासून तो तीनदा पडला होता. प्रत्येक वेळी कुठंतरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत तिनं देव पाण्यात घातले होते.

"उठवायचे राहिलेले शॉट घ्यायचे काय मग?" आदर्शच म्हणाला. "सहा ऱ्हायल्यात. पडायचंच काम हाय, आक्का. तेवढंच तर मला जमतंय."

कुणी हसलं नाही.

सोमवारी शिरोलीला सुट्टी असते. भर दुपारी जिनेशची गाडी फौंड्रीच्या दारात थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेडच्या पत्र्यांना पडलेल्या भोकांतून उन्हाच्या दोऱ्या खाली लोंबत होत्या, आणि आत जळक्या वाळूचा तो जुना वास, नाकात शिरला की जिभेपर्यंत उतरणारा. जिनेशनं कॅमेरा लावला. संयोगितानं स्टीलच्या ताटलीत गूळ फोडला.

पहिलं क्रेनखाली. आदर्श तसाच पडला, डाव्या कुशीवर. जिनेशनं कॅमेरा सुरू केला.

"आदर्श," तिनं हाक मारली. "आदर्श, ऊठ."

तो उठला. कॅमेऱ्यात बघून हसला. गूळ खाल्ला. आणि खरोखरच त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"बरं वाटतंय," तो म्हणाला. "शप्पथ."

मग भट्टीमागं. मग लोखंडी जिन्याखाली. ती हाक मारायची, तो उठायचा, हसायचा. जिन्याखाली तिला वाटलं, तिनं 'ऊठ' म्हटलं आणि आदर्श हलला, त्याच्या मधल्या क्षणात वाळू आधीच सळसळली. घूस असेल. बंद कारखान्यात घुशी असतातच.

चौथं वाळूच्या हौदात.

"आदर्श, ऊठ."

तो उठला, कपडे झटकले. त्यानं झटकायचं थांबवलं तरी झटकल्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

जिनेशनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि मागं बघितलं. "जरा बाजूला सर की," तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं की संयोगिता त्याच्या मागं नाही, समोर आहे. त्यानं पुन्हा डोळा लावला.

पाचवं.

"आदर्श, ऊठ."

ताटली हाताला फार हलकी लागत होती, पण तिच्यात गूळ किती उरलाय ते संयोगितानं बघितलं नाही. तिला बघायचं नव्हतं.

सहावं दारापाशी. विक्रांत जवळजवळ बाहेर पोचलेला असतो तेव्हाचं. आदर्श उंबऱ्यावर आडवा झाला. बाहेरच्या उन्हात त्याचे केस चमकत होते.

"आदर्श, ऊठ. घरी जाऊ."

तो उठला. आणि असा हसला, इतका मोकळा, की संयोगिताच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं ताटली तिथंच टाकली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. जिनेशनं डोळे पुसले, धूळ गेली म्हणाला.

परतताना गाडीत ती पुढं बसली. मागची लांब सीट सगळी आदर्शला. तो खिडकीला अगदी चिकटून बसला होता, खांदा काचेला घासत.

"नीट बस की," ती म्हणाली.

"बसलोय की," तो म्हणाला. दमला होता, पण मजेत होता.

पंचगंगेच्या पुलावर तिनं फोन काढला. प्रतिक्रिया येतच होत्या. 'आता शेवट विचित्र झालाय. हिरो मरतो, मग नुसती रिकामी जमीन दिसते.' 'मेलेला माणूस गायब. बग आहे, दुरुस्त करा.' 'क्रेनखाली पण नाही, हौदात पण नाही. गेला कुठं?' फाइलींना कुणी हात लावलेला नव्हता. पण तिला एवढंच पुरं होतं की आता कुणी पडलेलं नाही. तिनं ते जिनेशला वाचून दाखवलं आणि दोघंही वेड्यासारखे हसले. मागं आदर्शही हसला.

पेठेत शिरले तेव्हा दिवेलागण होत होती. आदर्श दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. पंधरा दिवसांत तो असा चढला नव्हता. संयोगिता मागून सावकाश वर आली, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आलं की आज आपल्याला झोप लागेल.

स्वयंपाकघरात आई दाराकडं पाठ करून बसली होती. तव्यावर भाकरी फुगत होती.

"आई, भूक लागल्या," आदर्श म्हणाला.

आईनं मागं वळून बघितलं नाही. भाकरी उलटली, परातीतल्या पिठाकडं एकदा पाहिलं आणि डब्यातून आणखी पीठ काढायला घेतलं.

"व्हय व्हय, वाढतो की," ती म्हणाली. "खरं एकेकानं बोला रं. सगळी एकदम वरडल्यावर मला काय कळायचं?"